डाग पाडण्याची कला

ज्या माणसाने आपल्या हयातीची एकतीस वर्षे, सरकारी नकाशावर शाईचा एक ठिपकाही मुक्रर जागेखेरीज अन्यत्र पडू नये एवढ्या एकाच चिंतेत घालविली, त्याने सेवानिवृत्तीनंतर चांगला शुभ्र कागद हेतुपुरस्सर चहात बुडवून तो डागाळण्याची वाट पाहत मोरीच्या उंबरठ्यावर बसावे, हा दैवाचा विनोद म्हणावा की पेन्शनीचा परिणाम म्हणावा, याचा निर्णय मी अद्याप करू शकलेलो नाही. आमच्या घरातील मंडळींनी तो केव्हाच केलेला आहे; पण एकतर्फी निकालाविरुद्ध दाद मागण्याची सवय मला नोकरीत लागली नाही, ती आता कुठून लागणार?

मी बांधकाम खात्यात ट्रेसर होतो. इंजिनिअरसाहेबांनी पेन्सिलीने जे काही काढले असेल, आणि नेमके काय काढले आहे याविषयी पुष्कळदा खुद्द साहेबांच्याच मनात दुमत असे, ते ट्रेसिंग क्लॉथ नावाच्या खळ दिलेल्या झिरझिरीत कापडावर काळ्या शाईने उतरवून देणे हे माझे विहित कर्म. मी रुजू झालो तेव्हा अमोनियाच्या वाफेने उमटणाऱ्या, आणि गुंडाळी उघडताच डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या, नकाशांचा अंमल सुरू झालेला होता. परंतु दप्तरखान्यातील मांडण्यांवर पूर्वीच्या राजवटीचे अवशेष, ज्यांना खात्यात ‘फेरो’ म्हणत, लाल फडक्यांत बांधून गठ्ठ्यांनी निजलेले असत. निळ्याभोर जमिनीवर पांढऱ्या रेषांनी रेखलेले पूल, मोऱ्या, डाकबंगले, मामलेदार कचेऱ्या, आणि एका कागदावर तर कोण्या गोऱ्या साहेबाच्या कुत्र्यासाठी बांधावयाची दोन दारांची कोठडी! मोरी वाहून जाई, मोरीवरचा रस्ता वाहून जाई, कधीकधी मोरी बांधणारा मक्तेदारही नाहीसा होई; नकाशा मात्र जागच्या जागी निळाच्या निळा. या फेरोचा एक विलक्षण गुण मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. खिडकीजवळच्या टेबलावर उन्हात पडून राहिला की तो फिका पडे, आणि तोच पुन्हा बंद कपाटात अंधारात ठेवला म्हणजे काही काळाने आपसूक रंगावर येई. हाच गुण मी आमच्या अव्वल कारकुनांतही पाहिला होता. कपाटाआडच्या बाकावर दुपारी घटकाभर अंधारात पडल्यावाचून तेही रंगावर येत नसत.

या निळाईशी माझी पुनर्भेट झाली ती नातीमुळे. चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकणारी ही मुलगी एके रविवारी गच्चीवरून एक ओला कागद दोन्ही हातांवर तोलत खाली आली आणि निळ्या जमिनीवर उमटलेली नेच्याची पांढरी पाने माझ्यापुढे धरून म्हणाली, “आजोबा, हा सायनोटाइप.”

“हा फेरो आहे,” मी म्हणालो.

“सायनोटाइपच म्हणतात आजोबा. कलाप्रकार आहे तो.”

ज्या वस्तूचे शेकडो नग मी शेरा मारून निकालात काढले, तीच वस्तू लोक काचेच्या चौकटीत बसवून प्रदर्शनात मांडतात हे ऐकून मला जे वाटले, ते आपला जुना शिपाई लाल दिव्याच्या गाडीतून उतरताना पाहून एखाद्या हेडक्लार्कला जे वाटेल त्याहून फारसे निराळे नसावे.

मग तिने मला या विद्येचा पूर्वेतिहास सांगितला. सर जॉन हर्शेल या इंग्रज ज्योतिर्विदाने १८४२ साली ही रीत शोधून काढली. त्याचे तीर्थरूप विल्यम हर्शेल यांनी १७८१ साली दुर्बिणीतून जो नवा ग्रह हुडकला, त्याला सारे जग युरेनस म्हणत असले तरी आमचे पत्रिका मांडणारे शास्त्रीबुवा शोधकाच्या नावावरून ‘हर्षल’ म्हणतात. म्हणजे बापाने आमच्या कुंडलीत एक जादा पीडा घालून ठेवली आणि लेकाने ती आमच्या मोरीपर्यंत आणून पोहोचविली. हर्षल हा ग्रह विक्षिप्त, बसल्या जागी उलथापालथ घडवून आणणारा, असे ज्योतिषी सांगतात. “तुमच्या पत्रिकेत तो वाईट आहे हे मी लग्नापासून ऐकतेय,” एवढेच यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, अ‍ॅना अ‍ॅटकिन्स नामक विदुषींनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शेवाळांचे असेच निळे ठसे घेऊन त्यांचे पुस्तक काढावयास आरंभ केला, आणि ते काम हप्त्याहप्त्याने दहा वर्षे चालले. छायाचित्रांनी सजलेले जगातील पहिले पुस्तक हा मान बहुधा त्यालाच देतात. शेवाळाकडे एवढ्या आदराने पाहणारी ती साध्वी कोठे, आणि गच्चीवरच्या शेवाळावरून गेल्या श्रावणात पाय घसरून पंधरा दिवस कमरेला लेप लावून पडलेला मी कोठे!

कृती तशी सरळ होती. २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात, १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड निराळ्या भांड्यातील तेवढ्याच पाण्यात. दोन्ही समभाग एकत्र करून मंद उजेडात कागदाला कुंचल्याने फासावयाचे, अंधारात वाळवावयाचे, वर पान किंवा नेगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबून उन्हात मांडावयाचे, आणि हिरवट पिवळा कागद राखी पडू लागला म्हणजे पाण्यात धुवावयाचे, की निळे वर येते. यात घोटाळा एकच झाला. दुसऱ्या औषधाच्या नावातील उत्तरार्ध तेवढा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला. त्या संयुगात सायनाइडाला लोखंडाने इतके घट्ट जखडलेले असते की ते सहजासहजी सुटून कोणाच्या जिवावर उठत नाही, हे नातीने पुस्तक उघडून वाचून दाखविले. परंतु हुकूम सुटला तो सुटलाच, आणि त्याच सायंकाळी आमच्या घरातील भांड्यांची कायमची वाटणी झाली. माझ्या हिश्श्याला आले ते टवके उडालेले एनॅमलचे तसराळे, कान तुटलेला कप, आणि तळाला गंज धरलेली एक लोखंडी बादली. बादली वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. परंतु निळी चित्रे पन्नासएक झाली, दिवाणखान्यातील दोरीवर ती वाळत पडू लागली, आणि एक दिवस नात मान तिरकी करून म्हणाली, “फार निळं दिसतंय, नाही?” आकाशाविषयी अशी तक्रार आजवर कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तिला आता आजीच्या ट्रंकेतील फोटोसारखा विटका, तपकिरी, जुनाट रंग हवा होता. एकोणीस वर्षांच्या मुलीने जुनेपणासाठी खटपट करावी आणि त्यासाठी मदत मागावी ती, ज्याला तो रंग काही न करता आपोआप चढला आहे, अशा माणसाची!

निळ्याला तपकिरी करण्याची रीत अशी की, आधी त्याला मारावयाचे. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवून त्यात चित्र सोडले की ते निळे प्रथम जांभुळते, मग ओसरू लागते, आणि काही मिनिटांत कागदावर एक फिकट, पिवळट, गंजकी सावली तेवढी उरते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. कारण सरकारी कागद नष्ट करणे हा आमच्या खात्यात अक्षम्य अपराध, आणि येथे तो मी स्वहस्ते, चमच्याने ढवळीत करीत होतो. त्यामागचे रसायन नातीने मला समजावले, ते मी माझ्या समजुतीसाठी असे लावून घेतले आहे की, निळा रंग ही लोखंड आणि त्याचा सायनाइडी सोबती यांची भागीदारीतील पेढी. सोडा येतो आणि ही भागीदारी मोडतो. सोबती आपला हिस्सा उचलून पाण्यावाटे परागंदा होतो, आणि लोखंड बिचारे गंजाच्या वेषात कागदाचे तंतू धरून रिकाम्या दुकानात बसून राहते. अशा विमनस्क लोखंडाला चहा, हिरडा, डाळिंबाची साल, कसल्याही तुरट जिनसाचा काढा भेटला, की त्यातील टॅनिन त्याच्याशी नवा करारनामा करते आणि पेढी पुन्हा उघडते. पाटी मात्र आता काळसर तपकिरी.

येथे मला माझ्या शाळेतील संस्कृतच्या गुरुजींची आठवण झाली, कारण जी गोष्ट समजावयास नातीला पुस्तकाची दहा पाने लागली ती आमच्या पूर्वजांनी एका शब्दात मिटविलेली आहे. ‘कषाय’ म्हणजे तुरट रस. ‘कषाय’ म्हणजे वैद्याचा काढा. आणि ‘कषाय’ म्हणजेच तांबूस तपकिरी रंग, ज्यावरून संन्याशाच्या वस्त्राला काषाय म्हणावयाचे. चव, औषध आणि रंग हे तिन्ही महकमे एकाच अंमलदाराकडे! तेव्हा सोड्यात सर्वस्वाचा त्याग करून, काढ्यात स्नान करून, तपकिरी होऊन बाहेर येणाऱ्या चित्राने संन्यास घेतला असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही. फरक इतकाच, की संन्यासी सहसा दोरीला चिमट्याने टांगलेले आढळत नाहीत.

पहिला प्रयोग अर्थातच चहाचा, आणि तो सपशेल फसला. काटकसरीच्या जुन्या सवयीने मी सकाळचा उरलेला, आले-वेलदोडा घातलेला घरचाच चहा वापरला होता. चित्र त्यात दोन तास राहिले आणि सायीचा पातळ पदर अंगावर घेऊन जसेच्या तसे पिवळट वर आले. पुढे कळले की दुधातील प्रथिने चहाचा तुरटपणा आधीच गिळून बसतात. म्हणूनच दूध घातल्यावर चहा जिभेला धरत नाही, आणि म्हणूनच माझ्या लोखंडाच्या वाट्याला काही उरले नव्हते. मग बिनदुधाचा, पाच चमचे भुकटी खळखळा उकळून गाळलेला अर्क केला. यावेळी अर्ध्या तासात पानांभोवतीची जमीन तपकिरी धरू लागली, तासाभरात दाट झाली. आणि अधिकस्य अधिकं फलम् या न्यायाने मी कागद रात्रभर तसाच ठेवला, तेव्हा सकाळी पान, जमीन आणि समास यांच्यातील सर्व भेद मावळून अद्वैत सिद्ध झालेले होते. टॅनिन लोखंडाला धरते तसे कागदालाही धरते, एवढे सामान्य ज्ञान मला पाव किलो चहाच्या मोबदल्यात मिळाले. चहाचा डबा त्या दिवसापासून वरच्या फडताळात असतो आणि फडताळाची किल्ली माझ्याकडे नसते.

चहा बंद झाल्यामुळे मला हिरड्याकडे वळावे लागले. पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन मी हिरडा मागितला, तेव्हा गल्ल्यावरच्या तरुणाने माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले की माझे गिऱ्हाईकपण तिथेच संपले.

“किती दिवस झाले, काका?”

“कशाला किती दिवस?”

“पोट साफ होऊन.”

मी म्हणालो, पोटाला नको, कागदाला हवा आहे. त्याने मान हलविली. या वयाची माणसे आपला विकार दुसऱ्याच्या नावावर घालतात, याचा त्याला अनुभव असावा. “बाळहिरडा घ्या मग. सौम्य असतो. रात्री कोमट पाण्यातून चमचाभर.” मला बाळहिरडा नको होता. आमच्याकडे हिरड्याच्या जाती तीन सांगतात: कोवळेपणीच गळून वाळलेला तो बाळहिरडा, पूर्ण पिकलेला सुरवारी, आणि मधल्या अवस्थेतला रंगारी, ज्याला चांभारी हिरडा असेही म्हणतात, कारण कातडे कमावण्यासाठी तोच जाई. जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावर उन्हाळ्यात महादेव कोळी माणसे हिरडा गोळा करून अंगणात वाळत घालतात, त्यातला बराचसा औषधाला आणि कातड्याला जातो; फोटोला जाणारा अर्धा किलो बहुधा माझाच. “रंगारी अर्धा किलो,” मी म्हणताच तराजूचा काटा धरलेला त्याचा हात थांबला. “काका, एवढा एकदम घेऊ नका. घरी कोणी आहे ना?”

हिरड्याने मात्र काम चोख केले. कुटून, भिजवून, उकळून केलेल्या त्या मातकट काढ्यात चित्र सोडले आणि पाहता पाहता, जणू कोणी आतून दिवा मालवावा, तशी पिवळट सावली करडी, मग काळी होत गेली. नेच्याच्या पानाची एकेक शीर, एकेक दाता सुटा दिसू लागला. चहाचा तपकिरी रंग मला नेहमीच थोडा लोचट वाटत आला आहे. हिरड्याचा काळा हा सरळ, निःस्पृह, तोंडावर सांगणारा काळा. डाळिंबाच्या सालीने कागदाला पिवळसर झाक येऊन चित्र आजारातून उठल्यासारखे दिसले. काथ आणि सुपारीचे प्रयोग पानाच्या तबकातून चोरून केले. त्यांचे निष्कर्ष नमूद करावयास मला मनाई आहे.

हा सर्व वैज्ञानिक अहवाल मी एका संध्याकाळी मोठ्या गांभीर्याने सौभाग्यवतींना सादर केला. त्या तेव्हा विळीवर आवळे चिरीत होत्या. लोखंड आणि टॅनिन यांच्या संयोगाने काळा रंग कसा निर्माण होतो, हे मी हातवारे करून सांगत असता त्यांनी एकही शब्द न बोलता विळी माझ्यापुढे सरकविली. पाते काळे. चिरलेल्या आवळ्याच्या कडा काळ्या. त्यांच्या अंगठ्याचे टोक काळे. मग त्यांनी डब्यातला अडकित्ता काढून दाखविला. सुपारी कातरून कातरून त्याची धार सोडून बाकी सारे अंग काळे पडलेले. “केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की काळं होतं, म्हणून चिरून ताकात टाकायचं, हे मला सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तुम्हाला विलायतेतल्या माणसाने सांगावं लागलं होय?” मी म्हणालो, विलायतेतला माणूस निळ्यापर्यंतच पोहोचला होता. “मग काळ्याचं आमच्याकडे शिका,” असे म्हणून त्यांनी आवळे पातेल्यात ओतले.

वस्तुस्थिती अशी आहे की काळ्याचे हे शास्त्र पृथ्वीवर बहुतेक सर्वांना ठाऊक होते. मीच काय तो बाहेर राहिलो होतो. श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर कापड आधी हिरड्याच्या आणि दुधाच्या पाण्यातून काढतात, आणि गुळाच्या पाण्यात गंजके लोखंड आंबवून केलेले पाणी कलमाने त्यावर ओढतात, तेव्हा रेष क्षणार्धात काळी होते. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्याकडे होती. युरोपात मायफळ आणि हिराकस यांच्या शाईने शेकडो वर्षे फर्माने, करारनामे, मृत्युपत्रे लिहिली गेली. माझ्या तसराळ्यात जे घडत होते ती हीच शाई, फक्त चित्राच्या आकाराची. या शाईत एक ऐब आहे. ती आम्ल असल्यामुळे कालांतराने ज्या कागदावर लिहिली तोच खात जाते, आणि जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोके उरतात. खात्यात खाणारे मी पुष्कळ पाहिले, परंतु ज्या कागदावर बसावयाचे तोच खाण्याइतका प्रामाणिकपणा त्यांपैकी एकाच्याही अंगी नव्हता. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक चित्र काढ्यातून काढल्यावर धूधू धुतो.

या धुण्यातही एकदा दगा झाला. उन्हाळ्यात नळाचे पाणी आटले म्हणून मी बोअरच्या पाण्याने अर्धा दिवस एक सुंदर निळे चित्र भिजत ठेवले, आणि दुपारी येऊन पाहतो तो निळे बव्हंशी निघून गेलेले. ज्या पाण्याने आमच्या हंड्यांच्या तळाला पांढरे कवच धरते, ते जड आणि क्षारयुक्त. सोड्याचे काम ते बिनबोभाट, बिनपगारी करीत होते. संन्यास घेण्याची इच्छा नसलेल्याला परस्पर दीक्षा मिळाली.

आता बादलीकडे वळतो. हिरड्याचा काढा गाळताना त्याचे शिंतोडे माझ्या नेसूच्या पांढऱ्या पंचावर पडले. शिंतोडे पिवळसर, फिके, सहज धुऊन जातील असे. म्हणून कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी पंचा भिजत घालावा अशी तजवीज मी केली, आणि माझ्या ताब्यात बादली एकच होती, ती गंजलेली. तासाभराने पाहिले तर प्रत्येक शिंतोड्याचा एकेक काळा मोहरा झालेला, आणि तो नेमका अशा प्रदेशात, की त्याची कैफियत देणे सभ्य माणसाला अशक्य. साबण लावला, काळा फक्त पसरला. लिंबू चोळले, मधोमध एक पिवळे भोकासारखे वर्तुळ झाले, त्याने प्रकरण अधिकच संशयास्पद दिसू लागले. शेवटी मी मुद्देमालासह स्वयंपाकघरात हजर झालो. सौभाग्यवतींनी पंचा उजेडाकडे धरला, बादलीत डोकावून पाहिले, आणि म्हणाल्या, “आता निघायचा नाही. डाग निघत नसेल तर सगळंच त्या रंगाचं करायचं असतं. उरलेला काढा ओता बादलीत आणि अख्खा बुडवा. आणि हलवत राहा, नाहीतर पट्टे येतील.”

तिसऱ्या प्रहरी मी तो पिळून अंगणातल्या दोरीवर घातला. भगवा म्हणावा तर नव्हे, काळा म्हणावा तर तोही नव्हे. यज्ञकुंडातील भस्माचा जो एक शांत, विरक्त राखी रंग असतो तो त्याला आला होता, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा, आणि गेल्या चार महिन्यांत माझ्या हातून असा बिनडागी रंग एकाही कागदावर उतरला नव्हता. मी हात पुसत उभा होतो, तोच कुंपणापलीकडून शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर डोकावले. त्यांनी पंचाकडे पाहिले, माझ्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिले, आणि आवाज खाली आणून विचारले, “काय नानासाहेब, दीक्षा घेतलीत वाटतं? कोणाकडून?”

मी उत्तर देण्यापूर्वीच आतून ते आले.

“माझ्याकडून.”